डिजिटल फळा बंद का राहतो? शिक्षकांना ऑनलाइन साधनांकडे वळवण्याविषयी

लालबाग-परळ भागातील एका अनुदानित मराठी माध्यमिक शाळेच्या पर्यवेक्षिकाबाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून शाळेच्या सहा वर्गांत डिजिटल फळे बसले, इंटरनेटची जोडणी घेतली गेली आणि विक्रेत्याच्या माणसाने एक दिवसाचे प्रशिक्षणही दिले. तरीही दोन-तीन तरुण शिक्षक सोडले तर बाकीचे त्या फळ्यांना हात लावत नाहीत, किंवा बदली तासिकेला एखादा व्हिडिओ लावून वेळ निभावून नेतात. संस्थाचालक आता वापराचा हिशेब मागत आहेत. अशा वेळी वापर सक्तीचा करावा, की उत्तम वापर करणाऱ्या शिक्षकाला बक्षीस ठेवावे, असे त्यांनी विचारले आहे.

बाई, या दोन्ही उपायांना माझा स्पष्ट नकार आहे. मुंबईतील माध्यमिक शाळांमध्ये आधी गणित शिकवण्याचे आणि नंतर शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाचे काम मी अनेक वर्षे केले आहे, आणि त्या आधारावर मी असे सुचवेन की जून ते दिवाळी या पहिल्या सत्रात सहा फळ्यांचा विचार बाजूला ठेवावा, एकच विषय निवडावा, त्या विषयात मुलांना दरवर्षी हमखास अडणारी एक जागा शोधावी आणि त्या जागेपुरते एकच साधन वापरात आणावे. ऐकायला हे फार तोकडे वाटेल, परंतु शाळेत टिकलेला वापर मी याच वाटेने आलेला पाहिला आहे.

शिक्षक साधने का वापरत नाहीत, याचे उत्तर बहुतेकदा ‘त्यांची मानसिकता बदलत नाही’ असे दिले जाते. हे उत्तर सोयीचे असले तरी खरे नाही. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत शिक्षक मनातल्या मनात एक हिशेब करत असतो. आधीच्या तासिकेच्या वर्गातून जिना चढून यायचे, हजेरी घ्यायची, फळा सुरू होण्याची वाट पाहायची, पासवर्ड टाकायचा, आवाज येत नसेल तर तार तपासायची. एवढ्यात साठ मुलांच्या वर्गाचा जो काही कलकलाट होतो, तो शांत करण्यात आणखी काही मिनिटे जातात. उरलेल्या वेळात पोर्शन पुढे सरकला नाही, तर सहामाहीच्या तोंडावर जबाब शिक्षकालाच द्यावा लागतो. तंत्रज्ञान लोक कधी स्वीकारतात याविषयी फ्रेड डेव्हिस या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ साली जी मांडणी केली, तिच्या केंद्रस्थानी दोनच गोष्टी होत्या: हे माझ्या कामाला उपयोगी पडेल का, आणि ते वापरायला सोपे आहे का. आपल्याकडची प्रशिक्षणे दुसऱ्या प्रश्नावर दिवसभर बोलतात आणि पहिल्या प्रश्नाला स्पर्शही करत नाहीत. फळ्यावर रंगीत पेनाने कसे लिहावे, पडदा कसा दुभागावा, हे सगळे दाखवले जाते. पण सातवीच्या मुलांना ऋण संख्यांची वजाबाकी समजत नाही, तिथे या फळ्याने काय साधेल, हे विक्रेत्याचा माणूस सांगू शकत नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा ठेवणेही चुकीचे आहे.

याखेरीज ‘ऑनलाइन’ या शब्दाला आपल्या शिक्षकाच्या लेखी एक वेगळाच वास आहे. सरल आणि यूडायस या सरकारी प्रणालींत भरायची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, गुण भरण्याची पोर्टले, व्हॉट्सॲपवर रात्री उशिरा येणारे ‘उद्या सकाळी अकरापर्यंत माहिती पाठवावी’ असे निरोप, हे सगळे ऑनलाइनच असते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तासांची अपेक्षा ठेवली असून त्यातला मोठा भाग दीक्षासारख्या सरकारी ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांनी भरून निघतो, म्हणजे प्रमाणपत्रांसाठीही पडद्यासमोर बसणे आलेच. अशा माणसाला आणखी एका लॉगिनचे आमंत्रण देताना ते त्याचे कोणते काम कमी करणार आहे, हे आधी सांगता आले पाहिजे.

आपण म्हणाल, टाळेबंदीत याच शिक्षकांनी दीड-दोन वर्षे ऑनलाइन शिकवले होते, मग ते कौशल्य गेले कुठे? ते गेलेले नाही. मार्च २०२० नंतर शिक्षकांनी जे आत्मसात केले, ते समोर नसलेल्या मुलांपर्यंत धडा पोहोचवण्याचे तंत्र होते. मुले पुन्हा बाकांवर येऊन बसली आणि ती गरज संपली. समोर बसलेल्या साठ मुलांपैकी कोणाला समजले आणि कोण नुसतीच मान डोलावते आहे, हे पाच मिनिटांत कळणे ही आताची गरज आहे, आणि या गरजेला उपयोगी पडणारी साधने वेगळी आहेत. त्यामुळे सुरुवात कुठून करावी, हे मी एका ठोस उदाहरणाने सांगतो.

सहावीच्या वर्गात दशांश अपूर्णांक शिकवून झाले आहेत असे समजा. ०.४ आणि ०.३५ यांपैकी मोठी संख्या कोणती, असे विचारल्यावर वर्गातून एका सुरात ‘०.४’ असे उत्तर येते. हे एका सुरात आलेले उत्तर फार फसवे असते, कारण ते पुढच्या तीन बाकांचे असते. प्रत्येक मुलाचे उत्तर वेगवेगळे पाहता आले, तर बरीच मुले ०.३५ म्हणताना दिसतात. ३५ हे ४ पेक्षा मोठे, एवढाच त्यांचा विचार असतो. पण गंमत पुढे आहे. ०.४ हे बरोबर उत्तर देणाऱ्यांतही काही मुले अशी असतात की ज्यांच्या मते दशांश चिन्हानंतर जितके कमी अंक तितकी संख्या मोठी. त्यांचे उत्तर बरोबर असते आणि कारण चूक. म्हणून लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: ०.३ आणि ०.४७ यांत मोठी कोणती? आता पहिल्या गटाची मुले चुकीच्या कारणाने बरोबर ठरतात आणि दुसऱ्या गटाची मुले उघडी पडतात. हे दोन प्रश्न एकामागून एक विचारले, तर त्या वर्गात उद्या काय शिकवायचे हे शिक्षकाला नेमके कळते.

आता साठ मुलांची उत्तरे मिनिटाभरात गोळा कशी करायची? मुलांच्या हाती फोन नाहीत, आणि माझ्या मते शाळेत ते नसावेतही. यासाठी प्लिकर्स नावाचे एक साधन आहे. त्यात प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड मिळते. कार्डावर काळ्या चौकोनांची एक आकृती असते आणि तिच्या चार बाजूंना बारीक अक्षरांत चार पर्याय असतात. जे उत्तर द्यायचे ती बाजू वर करून मुलाने कार्ड धरायचे. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचे उत्तर पाहून नक्कल करणे जमत नाही. शिक्षकाने आपला फोन वर्गावरून फिरवला की कोणत्या क्रमांकाच्या मुलाने काय उत्तर दिले, याची नोंद होते आणि फळ्यावर हवा तर केवळ एकूण आकडा दाखवता येतो. मोठ्या संचात ६३ कार्डे असतात, त्यामुळे आपल्याकडच्या भरगच्च तुकडीलाही तो बहुधा पुरतो. कार्डे घरच्या प्रिंटरवर छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवावीत. चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नये, ट्यूबलाइटची तिरीप पडली की कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही. इंटरनेट लागते ते फक्त शिक्षकाच्या फोनला आणि फळ्याला.

यात शिक्षकाचा फायदा काय, तर तपासायला वह्यांचा गठ्ठा नाही, आणि आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनासाठी लागणारी नोंद आपोआप हाती येते. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात मोठ्या वर्गांसाठी जी पद्धत रुजवली, तिचा गाभाही हाच आहे: प्रश्न विचारा, प्रत्येकाचे उत्तर घ्या, मतभेद दिसले तर बरोबर उत्तर न सांगता शेजाऱ्याशी चर्चा करायला लावा आणि पुन्हा उत्तर घ्या. दशांशाच्या त्या प्रश्नावर ही चर्चा घडवून पाहावी. बाकावरची दोन मुले ‘अरे, ०.४ म्हणजे ०.४० ना!’ असे एकमेकांना सांगू लागतात, आणि आपण दोन तासिका घसा कोरडा करूनही जे पोहोचले नव्हते ते तिथे पोहोचते.

दुसरे उदाहरण आठवीच्या भूमितीचे. त्रिकोणाचे तीनही शिरोलंब (शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर काढलेले लंब) एकसंपाती असतात, म्हणजे एकाच बिंदूत मिळतात, हे शिकवताना आपण खडूने जो त्रिकोण काढतो तो जवळजवळ नेहमीच लघुकोन असतो, कारण त्याची आकृती नेटकी येते. परिणामी हा बिंदू, म्हणजे शिरोलंबसंपात, त्रिकोणाच्या आतच असतो, अशी मुलांची पक्की समजूत होते. जिओजेब्रा या गणिताच्या संगणक-प्रणालीत हाच त्रिकोण काढून एक शिरोबिंदू बोटाने हळूहळू ओढत न्यावा. कोन काटकोन झाला की संपातबिंदू बरोबर त्या शिरोबिंदूवर येऊन बसतो आणि कोन विशाल होताच तो त्रिकोणाबाहेर निघून जातो. फळ्यावर दहा आकृत्या काढून जे दाखवावे लागले असते, ते इथे एका हालचालीत दिसते. मात्र शिरोबिंदू ओढण्यापूर्वी थांबून ‘आता बिंदू कुठे जाईल?’ असे मुलांना विचारायला हवे आणि त्यांचा अंदाज वहीत लिहून घ्यायला हवा. तो प्रश्न गाळला, तर जिओजेब्रा आणि यूट्यूबवरचा व्हिडिओ यांत काही फरक उरत नाही. विषयाचे ज्ञान, शिकवण्याची हातोटी आणि तंत्राची ओळख यांचा जिथे संगम होतो तिथेच उपयोगी अध्यापन घडते, ही पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर या अभ्यासकांनी २००६ साली मांडलेली कल्पना अध्यापक विद्यालयांत आता शिकवली जाते. तिचा वर्गातला अर्थ हा एवढाच आहे.

आता प्रशिक्षणाविषयी. सभागृहात सर्व विषयांच्या सर्व शिक्षकांना एकत्र बसवून केलेले प्रशिक्षण जवळजवळ वाया जाते असे माझे ठाम मत आहे. आपल्या शाळेतील जे दोन-तीन शिक्षक फळा वापरतात, त्यांच्या वर्गात त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाने मागच्या बाकावर बसून एक पूर्ण तासिका पाहावी, हे त्याहून कितीतरी फलदायी ठरते. कारण तिथे साधन कसे चालते याबरोबरच ते बंद पडल्यावर सहकारी काय करतो, हेही दिसते. यासाठी वेळापत्रकात दोघांच्या मोकळ्या तासिका जुळवून द्याव्या लागतील आणि त्या तासिकेला त्यांच्या माथी बदली तासिका मारली जाणार नाही, याची हमी आपल्याला द्यावी लागेल. शाळा सुटल्यावर प्रशिक्षण ठेवू नये. मुंबईतला शिक्षक विरार, बदलापूर, पनवेलहून येतो. सायंकाळी त्याचे अर्धे लक्ष घड्याळाकडे आणि अर्धे गाडीच्या गर्दीकडे असते. दोन अधिवेशनांत चालणाऱ्या शाळेत तर सकाळची मुले बाहेर पडतात तोच दुपारची आत येतात, तिथे मधला वेळ असा नसतोच. तेव्हा जो वेळ द्यायचा तो शाळेच्या वेळातलाच असला पाहिजे. खरे प्रोत्साहन तेच आहे, बाकीचे हारतुरे आहेत.

काही अडथळे तर इतके साधे असतात की त्यांचा कोणी उल्लेखही करत नाही. आपले डिजिटल फळे जुन्या खडूच्या फळ्याच्या अगदी मधोमध बसवले आहेत का, हे कृपया पाहावे. बऱ्याच शाळांत तसे झाले आहे, आणि शिक्षकाला लिहायला दोन्ही बाजूंना अरुंद पट्ट्या तेवढ्या उरल्या आहेत; मग त्याला त्या नव्या वस्तूविषयी ममत्व कुठून वाटणार? फळा एका बाजूला सरकवून घ्यावा. खिडकीची तिरीप त्यावर पडत असेल तर पडदा लावावा. शेवटच्या बाकावर स्वतः बसून अक्षर वाचता येते का ते पाहावे. आणखी एक विसंगती दूर करणे गरजेचे आहे: अनेक शाळांत शिक्षकांनी वर्गात मोबाइल वापरू नये अशी सूचना असते आणि त्याच शाळेत ऑनलाइन साधने वापरण्याचा आग्रहही असतो. अध्यापनासाठी फोन वापरण्यास मुख्याध्यापकांची लेखी अनुमती असावी, म्हणजे अधिकारी भेटीला आले असता शिक्षकाला फोन खिशात लपवावा लागणार नाही. प्रत्येक वर्गातील दोन विद्यार्थ्यांकडे फळा सुरू-बंद करण्याची जबाबदारी द्यावी. शिक्षक वर्गात शिरेपर्यंत पडदा तयार असेल, तर वर उल्लेखलेल्या हिशेबातली निम्मी मिनिटे वाचतात.

इंटरनेटवर पूर्ण भिस्त ठेवू नये. पावसाळ्यात जोडणी दगा देतेच. दीक्षा ॲपमधील पाठ आधी उतरवून ठेवता येतात; बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड वर्गात स्कॅन करत बसण्याऐवजी हे काम आदल्या दिवशी करावे. जिओजेब्रा संगणकावर बसवून घेता येते आणि कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील विज्ञानाची सिम्युलेशन्स (पडद्यावर करून पाहायचे प्रयोग) उतरवून इंटरनेटविना चालवता येतात; त्यांतील अनेक मराठीतही आहेत. पाठाच्या टाचणात ‘फळा न चालल्यास’ अशी एक ओळ असावी. ती लिहिलेली असली की शिक्षकाची धास्ती कमी होते, कारण तासिका हातची जाणार नाही हे त्याला आधीच ठाऊक असते.

भाषेचा प्रश्न मराठी शाळेत टाळता येणार नाही. अनेक शिक्षकांकडे वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका संगणकावर आहेत, परंतु त्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या असल्याने ऑनलाइन प्रश्नावलीत चिकटवल्या की अक्षरांच्या जागी विचित्र चिन्हे उमटतात. तिथेच ते हात टेकतात. अशा शिक्षकाला फोनवर बोलून मराठी टंकन कसे करायचे, हे शेजारी बसून दहा मिनिटे दाखवले, तर इतर कोणत्याही कार्यशाळेपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो; कारण त्याचा उपयोग त्याला सूचना, निकालपत्रावरील नोंदी आणि प्रश्नपत्रिका अशा रोजच्या कामांत होतो. पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतून ऐकत स्वतःच्या गतीने शिकण्याची सोय आहे, ती ज्यांना एकट्याने शिकायला आवडते त्यांना सुचवावी.

ज्येष्ठ शिक्षकांबाबत थोडे सांभाळून घ्यावे लागेल. निवृत्तीला चार-पाच वर्षे उरलेल्या शिक्षिकेला पडदा हाताळता येत नाही याची लाज वाटत नसते. तीस वर्षे ज्या वर्गात शब्द खाली पडला नाही, त्या वर्गापुढे हसे होईल ही भीती असते. त्यांना तरुण सहकाऱ्याच्या हाताखाली ‘शिकायला’ पाठवू नये. त्यांच्याकडे प्रश्न मागावेत. मुले नेमकी कुठे अडखळतात, कोणती चूक कोणत्या समजुतीतून होते, याचे भांडार त्यांच्याकडे असते आणि तरुणांकडे ते नसते. दशांशाच्या प्रश्नांसारख्या जोड्या त्यांनी काढून द्याव्यात आणि तरुणांनी त्या साधनात भराव्यात. या वाटेने त्यांतील निम्म्या जणी वर्षअखेरीस स्वतः फोन फिरवू लागतात. उरलेल्या नाही फिरवल्या, तरी शाळेचे काही बिघडत नाही.

मुलांच्या घरी ऑनलाइन गृहपाठ देण्याच्या फंदात सध्या पडू नये. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत एकच फोन असतो, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री परततो. ज्या साधनाने काही मुले हटकून मागे पडणार, ते वर्गात कितीही चांगले चालले तरी घरच्या कामासाठी योग्य नाही. त्याचप्रमाणे कोणत्याही साधनात मुलांची पूर्ण नावे आणि छायाचित्रे भरू नयेत. हजेरी क्रमांक पुरेसा आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे, हे शाळेच्या कार्यालयालाही सांगून ठेवावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी इथे इतकेच म्हणतो की प्रश्नपत्रिकेचा कच्चा मसुदा करायला ती वेळ वाचवतात, परंतु मराठीतली त्यांची वाक्ये आणि गणितांची उत्तरे शिक्षकाने स्वतः तपासल्याखेरीज वर्गात नेऊ नयेत.

राहिला संस्थाचालकांचा हिशेब. फळा किती तास चालू होता याची नोंदवही ठेवली, की नोंदी भराभर वाढतात. फळा सुरू करून ठेवायचा आणि शेजारी खडूने शिकवायचे, हा तोडगा शिक्षकांना सापडायला आठवडाही लागत नाही. बक्षिसाचेही तेच: ते दरवर्षी त्याच दोघांना मिळते आणि बाकीच्यांना अंग काढून घ्यायला निमित्त होते. त्याऐवजी दिवाळीनंतरच्या सभेत गणिताच्या शिक्षकांनी एक पान मांडावे. कोणत्या घटकावर कोणते प्रश्न विचारले, पहिल्या वेळी किती मुले चुकली, त्यानंतर वर्गात काय वेगळे केले आणि तेच प्रश्न तीन आठवड्यांनी विचारल्यावर काय दिसले, एवढेच त्यात असावे. आकडे फारसे सुधारले नसतील, तर तेही तसेच लिहावे. त्याच सभेत फळ्यांच्या वार्षिक देखभालीची आणि इंटरनेटच्या बिलाची तरतूद मागून घ्यावी. देणगीतून वस्तू येते, पण तिसऱ्या वर्षी बंद पडलेल्या फळ्याची दुरुस्ती कोणत्या खात्यातून करायची, हे बहुतेक शाळांत ठरलेले नसते. विज्ञानाच्या शिक्षकांची पाळी दुसऱ्या सत्रात आणावी, आणि त्यांचे साधन कोणते असावे हे त्यांनाच ठरवू द्यावे.